मियाटाचं ऑइल घरी बदलताना: आधी जॅक, मग पाना

इथे अमेरिकेत, मिशिगनमध्ये, बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ पडायला लागायच्या आत, साधारण ऑक्टोबरच्या शेवटी, माझी माझदा मियाटा गाडी गॅरेजमध्ये जाते ती एप्रिलपर्यंत बाहेर निघत नाही. आत ठेवण्याआधीच्या शनिवारी तिचं ऑइल बदलायचं, हे ठरलेलं. वापरलेल्या तेलात पाण्याचा अंश असतो, इंधन जळून तयार झालेली आम्लं असतात. असं तेल पाच-सहा महिने इंजिनात तसंच पडून राहू द्यायचं नसतं. म्हणून हे काम उन्हाळा लागल्यावर नाही, हिवाळ्याच्या तोंडावर करायचं.

ओळखीतल्या तिघांनी गेल्या काही वर्षांत सेकंडहँड मियाटा घेतली आणि तिघांनीही मला हाच प्रश्न विचारला: ऑइल घरी बदलता येईल का? येतं. हातात कधी पाना न धरलेल्या माणसालाही येतं. पहिल्या वेळी अडीच-तीन तास धरा, पुढच्या वेळी तासाभरात होईल. मात्र दोन ठिकाणी घाई चालत नाही: गाडी उचलताना आणि फिल्टर बसवताना. या लेखात त्या दोन गोष्टींवर जास्त बोललो आहे, कारण तेल ओतायला कुणालाही शिकवावं लागत नाही.

माझी गाडी १९९९ची माझदा एमएक्स-५ मियाटा, १.८ लिटर इंजिनाची. हिला दुसरी पिढी म्हणतात. १९८९ ते १९९७ची पहिली पिढी, ती वर-खाली होणाऱ्या पुढच्या दिव्यांची, तिच्यातही रीत हीच आहे. २०१५ नंतरची नवी मियाटा असेल तर तेलाचा ग्रेड आणि माप वेगळं असतं, ते मॅन्युअलमध्ये पाहा. कॉर्वेट सी८सारख्या ड्राय सम्प गाड्यांमध्ये (त्यांचं तेल इंजिनाखाली नाही, वेगळ्या टाकीत असतं) तेलाची पातळी बघण्याची पद्धतच निराळी आहे, तेव्हा हा लेख त्यांना जसाच्या तसा लावू नका.

मी घरी का करायला लागलो

गाडी घेतली त्या वर्षी एका झटपट ऑइल बदलून देणाऱ्या ठिकाणी गेलो होतो. तिथल्या मुलाने इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचा ड्रेन बोल्ट, म्हणजे जुनं तेल काढायचा बोल्ट, हवेच्या गनने आवळला. पुढच्या खेपेला बोल्ट सुटता सुटेना, आणि सुटला तेव्हा आट्यांचे चकाकते तुकडे बरोबर घेऊन आला. मियाटाचा चेंबर बदलायचा तर इंजिन वर टांगावं लागतं किंवा त्याच्या जवळचा आडवा लोखंडी भाग, पुढचं क्रॉसमेंबर, खाली घ्यावं लागतं. एका बोल्टपायी एवढा खटाटोप. माझं नशीब की आटे पुन्हा पाडून काम भागलं. त्यानंतर त्या बोल्टला माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही.

काय काय लागेल

तेल चार क्वार्ट, म्हणजे ३.८ लिटर. फिल्टर बदलल्यावर या इंजिनाला एवढंच लागतं. पाच क्वार्टचा कॅन घ्या, उरलेलं पुढे वरून घालायला होतं. ग्रेड ५डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-३०. यातला डब्ल्यू हिवाळ्याचा: त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं तेल थंडीत लवकर वाहतं. पुढचा ३० हा इंजिन तापल्यावरचा दाटपणा. मिशिगनच्या थंडीत मी ५डब्ल्यू-३० वापरतो. कॅनच्या मागे एपीआयचं (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं) गोल चिन्ह असतं, त्यात एसपी किंवा त्याच्या पुढचा ग्रेड लिहिलेला असला की झालं. सिंथेटिक घ्यायला हरकत नाही, पण सगळ्यात महाग कॅन घेऊन जुना फिल्टर तसाच ठेवणं हे मला पटत नाही. फिल्टर दर वेळी नवा.

हत्यारांमध्ये १९ मिमीचा सॉकेट, लांब दांड्याचा पाना, टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराइतकंच आवळायचा पाना), फिल्टरच्या डोक्यावर टोपीसारखा बसणारा फिल्टर पाना आणि नरसाळं. ड्रेन बोल्टचा नवा वायसर. जुनं तेल धरायला सात-आठ लिटरचं पसरट घमेलं. नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांना गॉगल, फडकी, दोन-तीन प्लास्टिकच्या पिशव्या, आणि खाली अंथरायला मोठा पुठ्ठा. फ्रिज किंवा टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा असेल तर उत्तम, त्याच्यावर पाठीने सरकता येतं.

राहिलं ते सगळ्यात महत्त्वाचं: लो प्रोफाइल ट्रॉली जॅक आणि दोन जॅक स्टँड. इथे पैसे वाचवू नका.

गाडी उचलणं

जागा सपाट आणि काँक्रीटची हवी. उतार असलेला ड्राइव्हवे चालणार नाही. डांबरावर करायचंच असेल तर स्टँडखाली जाड प्लायवूडचे तुकडे द्या, नाहीतर उन्हाने मऊ पडलेल्या डांबरात स्टँडचे पाय रुततात.

आधी इंजिन पाच मिनिटं चालू ठेवा. कोमट तेल लवकर आणि गाळासकट वाहतं. मात्र लांबचा फेरफटका मारून आल्या आल्या गाडीखाली शिरू नका. सायलेन्सरचा पाइप तुमच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतो आणि त्याचा चटका महिनाभर पुरतो.

इंजिन बंद. पहिला गिअर, हँडब्रेक पूर्ण वर. मागच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून पाचर किंवा दगड लावा. मियाटाचा हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो आणि आपण पुढची बाजू उचलणार आहोत, म्हणून ही चार अडथळ्यांची मेहनत कामाची आहे. उजवं पुढचं चाक काढणार असाल (काढाच, फिल्टरसाठी सोपं पडतं) तर त्याचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करून ठेवा. त्याला २१ मिमीचा सॉकेट लागतो.

गाडी इतकी खाली असते की साधा जॅक बंपरखालून आत जातच नाही. मी पुढची चाकं दोन इंची फळ्यांवर चढवून घेतो, मग जॅक सहज सरकतो. जॅक लावायची जागा पुढच्या क्रॉसमेंबरचा मध्य. दोन्ही चाकांच्या मधोमध आडवा जाणारा तो जाड लोखंडी भाग. टॉर्च घेऊन आडवे पडा आणि जागा डोळ्यांनी बघा, अंदाजाने लावू नका. त्याच्या जवळच ऑइलचा चेंबर आहे, त्याच्यावर जॅक गेला तर चेंबरचा निकाल लागतो. गाडीच्या तळाशी पुढून मागे जाणारे दोन लांब रूळ दिसतील, ते बघून मोह होईल. त्यांच्यावरही नाही. ते पातळ पत्र्याचे आहेत आणि लगेच चेपतात. जुनी मियाटा विकत घेताना खाली वाकून बघा, बऱ्याच गाड्यांचे ते रूळ आधीच्या मालकांनी असेच चेपवलेले असतात.

गाडी वर गेली की स्टँड दोन्ही बाजूंना, पुढच्या चाकांच्या मागे, दाराखालच्या पट्टीवर जिथे जॅकसाठी खाचा करून जागा दाखवली आहे तिथे. तिथली पत्र्याची कड वाकू नये म्हणून मी स्टँडवर मधोमध चीर असलेला रबरी ठोकळा ठेवतो. दोन्ही स्टँडच्या खुंट्या पूर्ण अडकल्या आहेत ना, बघा. आता जॅक हळूहळू सोडा, वजन स्टँडवर येऊ द्या, मग जॅक पुन्हा क्रॉसमेंबरला नुसता टेकवून ठेवा.

आणि आता गाडी हलवा. दोन्ही हात फेंडरवर ठेवून चांगली जोर लावून हलवा, शेजारी बघत असला तरी हलवा. पडायची असेल तर ती आत्ता पडू दे, तुम्ही खाली गेल्यावर नको. काढलेलं चाक दाराखालच्या पट्टीच्या खाली आडवं सरकवून ठेवा. सगळं चुकलं तरी गाडी चाकावर अडेल. हजार किलोच्या वरची गाडी आहे, आणि हायड्रॉलिक जॅकचं सील कधी दगा देईल सांगता येत नाही. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली दोन मिनिटांसाठीसुद्धा डोकं घालायचं नाही. घरात कुणाला तरी सांगून ठेवा की मी गाडीखाली आहे, आणि मुलांना गाडीत चढू देऊ नका.

जुनं तेल काढणं

बॉनेट उघडून तेल ओतायचं वरचं झाकण आधी काढून ठेवा, हवा मिळाली की तेल मोकळं वाहतं. मग गाडीखाली जा. चेंबरचा १९ मिमीचा बोल्ट शोधा. गिअरबॉक्सलाही खाली असाच बोल्ट असतो, पण तो बराच मागे आणि मोठा. नवखे लोक कधी कधी तोच उघडतात आणि गिअरचं तेल काढून बसतात. इंजिनाच्या बरोबर खाली असलेला तो चेंबर, एवढं लक्षात ठेवा.

पाठीवर पडल्यावर डावं-उजवं गोंधळतं. बोल्टच्या डोक्याकडे तोंड करून बघा आणि घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवा. एकदा सैल झाला की पाना बाजूला, पुढचं बोटांनी. बोल्ट आत दाबत दाबत फिरवा. शेवटचा आटा सुटल्याचं बोटांना कळतं, तेव्हा हात झटकन बाजूला घ्या. तेलाची धार आधी लांब पडते, जोर ओसरला की सरळ खाली येते. घमेलं त्या हिशोबाने ठेवा. पंधरा मिनिटं गळू द्या. शेवटच्या थेंबासाठी तासभर बसायची गरज नाही.

या पंधरा मिनिटांत तेल बघा. आमच्या गावी विहिरीवर किर्लोस्करचं डिझेल इंजिन होतं. काका त्याचं ऑइल काढायचे तेव्हा एक थेंब अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळायचे, मग बोटं उन्हात तिरकी धरून बघायचे. मला वाटायचं वास घेताहेत. ते कचकच शोधत होते: बोटांना खरखर लागली किंवा उन्हात कण चमकले तर आत काहीतरी झिजतंय. मी आता तेच हातमोजा घालून करतो, कारण वापरलेलं तेल कातडीला वारंवार लागणं चांगलं नाही. तेल नुसतं काळं असेल तर काळजी नको, काळं होणं हे त्याचं कामच आहे. दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर कूलंट मिसळतंय. डोळ्यांना दिसतील एवढे धातूचे कण असतील तर नवं तेल भरून गाडी पळवू नका, आधी मेकॅनिकला दाखवा.

तेल थांबलं की बोल्ट पुसा, जुना वायसर काढा. कधी तो चेंबरलाच चिकटून राहिलेला असतो. नवा वायसर घालून बोल्ट आधी पूर्ण बोटांनी बसवा. बोटांनी फिरत नसेल तर आटे तिरके पडताहेत, काढा आणि पुन्हा लावा. शेवटी टॉर्क रेंचने ३० ते ४० न्यूटन-मीटर. हा आकडा हाताला कमी वाटतो. अजून थोडं आवळावंसं वाटेल, आवळू नका. आटे असेच जातात.

फिल्टर

मियाटावाल्यांची खरी परीक्षा इथे आहे. फिल्टर इंजिनाच्या उजव्या अंगाला, इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली दडलेला आहे. वरून बघितलं तर दिसत नाही, खालून हात घातला तर कोपर अडकतं. उजवं चाक काढलं असेल तर चाकाच्या पोकळीतून हात आत जातो. माझा हात तिथूनच पोचतो. लांब हाताचे लोक खालून करतात. पहिल्यांदा करताना तेल काढायच्या आधीच हात घालून फिल्टर सापडतो का ते चाचपून ठेवा.

फिल्टर टोपीच्या पान्याने अर्धा फेरा सैल करा आणि थांबा. तो पूर्ण सुटला की त्यातलं तेल क्रॉसमेंबरवर सांडतं आणि पुढे आठवडाभर थेंब थेंब गळत राहतं. माणूस समजतो की काहीतरी लीक आहे. म्हणून अर्धवट सैल केल्यावर त्याच्यावर प्लास्टिकची पिशवी चढवा, पिशवीसकट धरून फिरवा, आणि सुटला की पिशवीतच घ्या. थोडं सांडेलच, पण वाटीभराऐवजी चमचाभर.

आता हातातल्या जुन्या फिल्टरकडे बघा. त्याच्या तोंडाशी काळी रबरी रिंग आहे का? नसेल तर ती इंजिनालाच चिकटून राहिली आहे. ती तिथे असताना नवा फिल्टर बसवला तर दोन रिंगा एकमेकींवर बसतात. गॅरेजमध्ये सगळं कोरडं दिसतं, आणि रस्त्यावर इंजिनाचा दाब वाढला की रिंग सरकून सगळं तेल मिनिटभरात बाहेर. इंजिन संपतं. या कामातली सगळ्यात महागडी चूक हीच आहे, आणि ती टाळायला तीन सेकंद लागतात. रिंग सापडली तरी इंजिनावरची बसायची जागा फडक्याने पुसा आणि बोट फिरवून बघा.

नव्या फिल्टरच्या रिंगेला बोटाने नव्या तेलाचा हलका हात द्या, कोरडी रिंग बसताना पिळवटते. मग हाताने फिरवत न्या. रिंग टेकल्याचं जाणवलं की तिथून पुढे फिल्टरच्या खोक्यावर लिहिलं असेल तेवढंच, बहुतेक पाऊण फेरा. तोही हातानेच. पाना फक्त काढायला असतो, बसवायला नाही.

नवं तेल

नरसाळं लावून आधी साडेतीन क्वार्ट ओता, झाकण लावा, इंजिन मिनिटभर चालवा. तेलाचा दिवा किंवा काटा दोन-तीन सेकंदांत ठीक व्हायला हवा. काट्याबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो: १९९५पासून पुढच्या मियाटांमध्ये ऑइल प्रेशरचा काटा खरा दाब दाखवत नाही. ठरावीक दाबाच्या वर गेला की तो मधोमध येऊन बसतो, इतकंच. काटा मध्यावर आहे म्हणून तेल पुरेसं आहे असं समजू नका. खरं सांगते ती डिपस्टिक, तेलाची पातळी बघायची पट्टी. त्याआधीच्या गाड्यांचा काटा खरा, तो इंजिनाच्या वेगाबरोबर वरखाली होतो.

इंजिन चालू असताना गाडीखाली जायचं नाही, पण बाहेरूनच टॉर्च मारून फिल्टर आणि बोल्ट कोरडे आहेत का बघा. मग बंद करा. चाक बसवा, जॅकने किंचित उचलून स्टँड काढा, गाडी खाली घ्या, आणि चाकाचे नट जमिनीवर आल्यावर टॉर्क रेंचने आवळा, साधारण १०० न्यूटन-मीटर. सपाट जागी पाच मिनिटं थांबून डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि बघा. एफच्या (फुल) खुणेपर्यंत थोडं थोडं घालत जा. एफच्या वर भरू नका, जास्त तेल हेही नुकसानच.

जळक्या ऑइलचं काय

आपल्याकडे जळकं ऑइल फेकत नाहीत. कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून लावतात, दाराच्या बिजागऱ्यांना देतात. मीही ते बघतच मोठा झालो. पण ते तेल पावसाबरोबर जमिनीत आणि तिथून विहिरीत जातं. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए सांगते की एका गाडीतून एका वेळी निघालेलं तेल दहा लाख गॅलन गोडं पाणी खराब करू शकतं. त्यामुळे खांबांनाही नाही आणि गटारातही नाही.

रिकाम्या कॅनमध्ये भरा, घट्ट झाकण लावा, आणि गाडीचे सुटे भाग विकणाऱ्या मोठ्या दुकानात घेऊन जा. ऑटोझोन, ओ'रायलीसारख्या साखळ्यांच्या बहुतेक दुकानांत ते फुकट घेतात, जाण्याआधी फोन करून विचारा. त्यात कूलंट, ब्रेक ऑइल, पेट्रोल काहीही मिसळलं असेल तर घेत नाहीत, म्हणून घमेलं दुसऱ्या कामाला वापरू नका. जुना फिल्टर रात्रभर उलटा ठेवून निथळू द्या आणि तोही बरोबर न्या.

तेलाची आणि फिल्टरची पावती एका पाकिटात टाका, वर तारीख आणि ओडोमीटरचा आकडा लिहा. गाडी नवी आणि वॉरंटीत असेल तर हे जास्तच महत्त्वाचं. १९७५च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार ऑइल तुम्ही घरी बदललं एवढ्याच कारणावरून कंपनी वॉरंटी नाकारू शकत नाही, पण वेळच्या वेळी बदललं होतं याचा पुरावा तुमच्याकडे असायला हवा. मी स्वतः ५,००० मैल किंवा वर्ष, जे आधी होईल ते धरतो. माझ्या मियाटाचं वर्ष नेहमी आधी होतं.

रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी त्याच्यावर डाग कुठे पडलाय ते बघा. क्रॉसमेंबरच्या खाली एखाद-दुसरा थेंब असेल तर तो काल फिल्टर काढताना सांडलेल्यातला, पुसून घ्या आणि पुढच्या रात्री पुन्हा बघा. बोल्टच्या बरोबर खाली ताजा डाग असेल तर गाडी हलवण्याआधी पुन्हा स्टँडवर घ्या आणि वायसर बघा.